चार-सहा आणे फुटानं पोस्टरं रंगवणाऱ्या हुसेन यांचे घोडे नेमके आले कुठून?

एम. एफ. हुसेन म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक, पांढरी दाढी, हातात लांबलचक ब्रश आणि पायात काहीच नाही असा म्हातारा. आणि दुसरी, घोडा.

मोठ्या हॉटेलची लॉबी असो, एखाद्या उद्योगपतीचं घर असो, नाहीतर कुणीतरी स्वस्तात मारलेली नक्कल असो, हुसेनचा घोडा लांबूनच ओळखू येतो. मान मागं वळलेली, नाकपुड्या फुगलेल्या, पुढचे पाय हवेत, आणि पाठीवर बहुतेक वेळा कुणीच नाही. खोगीर नाही, लगाम नाही, मालक नाही.

पण हा घोडा आला कुठून? भारतातल्या तबेल्यात असा घोडा नसतो. अरबी नाही, मारवाडी नाही, भीमथडीचं तट्टू तर मुळीच नाही. त्यासाठी पंढरपुरातून निघून इंदूर, मुंबई, बीजिंग, इटली आणि स्पेनपर्यंत जावं लागतं. मधे एक थांबा नागपूरचाही आहे.

तर सुरुवात पंढरपूरपासून.

१७ सप्टेंबर १९१५ ही हुसेन यांची जन्मतारीख मानली जाते. घर सुलेमानी बोहरा समाजाचं. मकबूल जेमतेम दीड वर्षाचा असताना आई गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता, त्यामुळे आईचा चेहरा त्याला आयुष्यभर माहीत झाला नाही. उरली ती फक्त तिच्या नऊवारी लुगड्याची गोष्ट. पुढं हुसेन यांनी शेकडो बायका रंगवल्या, मदर तेरेसांवर अख्खी मालिका केली, पण त्यातल्या कितीतरी बायकांना चेहराच नाही. नुसता पदर, नुसत्या निऱ्या, मांडीवर मूल. मदर तेरेसा तर निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीवरनंच ओळखायच्या.

पंढरपूर म्हटल्यावर इथं कुणालाही रिंगण आठवणार. वाखरीला माउलींचा अश्व धावतो, लाखभर माणूस श्वास रोखून बघतो आणि मग त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतो. हुसेनच्या घोड्याचा उगम थेट तिथं नेऊन जोडायचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा, कारण आई गेल्यावर लहानग्या मकबूलचं पंढरपूर लवकरच सुटलं. वडील फिदा हुसेन यांनी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब इंदूरला आलं. वडिलांची तिथं गिरणीत नोकरी. आजोबा कंदील बनवायचे, दुरुस्त करायचे. त्या आजोबांचा कंदील आणि त्यांची काळी छत्री या दोन वस्तू हुसेन यांच्या चित्रांत म्हातारपणापर्यंत येत राहिल्या.

घोडा मात्र त्याला इंदुरात भेटला. दोन प्रकारे.

एक म्हणजे रस्त्यावर. होळकरांचं शहर, टांग्यांचा जमाना. दुसरा भेटला तो मोहरमच्या मिरवणुकीत. ताबुतांबरोबर दुलदुल निघायचा. दुलदुल म्हणजे करबलाच्या लढाईतल्या इमाम हुसेन यांच्या घोड्याचं प्रतीक. सन ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन मारले गेले आणि त्यांचा घोडा रिकाम्या पाठीनं, जखमी होऊन तंबूकडं परत आला, अशी ती कथा. मिरवणुकीत हा घोडा सजवलेला असतो, पण त्याच्यावर बसलेला कुणी नसतो. रिकामी पाठ हाच त्या सगळ्या दुःखाचा गाभा.

ज्याचं स्वतःचं नाव हुसेन आहे, अशा पोरानं हे दरवर्षी बघितलं. पुढं साठ-सत्तर वर्षं त्याच्या घोड्यांच्या पाठी रिकाम्या का राहिल्या, याचं उत्तर शोधायला त्यामुळं फार लांब जायची गरज नाही.

मधली काही वर्षं मकबूल गुजरातेत, आजोळच्या बाजूला सिद्धपूरला आणि मग बडोद्याच्या मदरशात होता. तिथं त्यानं सुलेखन शिकलं. अरबी अक्षराचं वळण एका दमात, हात न उचलता काढायचं असतं. घोड्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत जाणारी त्यांची ती जाड काळी रेघ नीट बघा, ती चित्रकारापेक्षा लिपीकाराची वाटते.

इंदुरात परतल्यावर सायकलवर रंग लादून शहराबाहेर जायचं, दिसेल ते रंगवायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा त्याचा नेम झाला. त्याच शहरात नारायण श्रीधर बेंद्रे नावाचा पाचेक वर्षांनी मोठा मराठी चित्रकार होता. बेंद्रे स्वतः गावोगाव भटकून निसर्गचित्रं करणारे. त्यांनी या पोराचा हात ओळखला आणि चित्रकलेला मोकळीक द्या म्हणून त्याच्या वडिलांची समजूत काढली, असं सांगतात. गिरणीत काम करणाऱ्या बापानं १९३०च्या दशकात पोराला चित्रकार होऊ दिलं, हे खरंतर त्या घरातलं सगळ्यात धाडसी पाऊल होतं.

मग मुंबई.

१९३०च्या दशकाच्या मध्यात हुसेन मुंबईत आले आणि ग्रँट रोडच्या परिसरात राहू लागले. शिक्षण पूर्ण नाही, पैसा नाही. काम मिळालं ते सिनेमाची होर्डिंग रंगवण्याचं. मजुरी चौरस फुटाला चार ते सहा आणे. म्हणजे चित्र किती चांगलं झालं याला भाव नव्हता, किती मोठं झालं याला होता.

ही होर्डिंगची वर्षं बरेचजण गरिबीतून वर आल्याची गोष्ट म्हणून सांगतात. पण हुसेन यांचं खरं आर्ट स्कूल तेच होतं. बांबूच्या पराचीवर उभं राहून पंधरा-वीस फुटी चेहरा काढायचा म्हणजे मनगट हलवून भागत नाही, अख्खा खांदा फिरवावा लागतो. जवळ उभं राहिलं की फक्त रंगाचे पट्टे दिसतात, चेहरा रस्त्यापलीकडनं जुळतो. तेवढं लांबचं डोक्यात ठेवून रंगवायचं, आणि सिनेमा शुक्रवारी लागणार असेल तर गुरुवारी रात्री संपवायचं. पुढं हुसेन लोकांसमोर उभे राहून काही मिनिटांत मोठ्या कॅनव्हासवर घोडा उभा करायचे, तेव्हा काहींना ती स्टंटबाजी वाटायची. थोडी ती होतीही. पण हात मात्र होर्डिंगवाल्याचा होता.

१९४१ मध्ये फाजिला यांच्याशी लग्न झालं. पुढं सहा मुलं झाली. होर्डिंगवर एवढा संसार चालणं शक्य नव्हतं, म्हणून हुसेन एका फर्निचर कंपनीत लागले. तिथं ते लहान मुलांच्या खोल्यांचं फर्निचर डिझाइन करायचे, लाकडी खेळणी करायचे. खेळण्यातल्या प्राण्याला सांधे असतात, पाय वेगळा, मान वेगळी, धड वेगळं. हुसेन यांचे घोडेही असेच सुटे सुटे भाग जोडल्यासारखे दिसतात. याचं श्रेय युरोपातल्या क्युबिझमला देताना या लाकडी खेळण्यांकडं सहसा कुणी बघत नाही.

आता नागपूर.

१९४७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात हुसेन यांचं ‘सुनहरा संसार’ हे चित्र लागलं आणि गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची त्यांच्यावर नजर गेली. सूझा तेव्हा काही मित्र जमवून एक गट काढत होते, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. मूळचे सहा जण. सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन. आजच्या भारतीय चित्रबाजारातली सगळ्यात महाग नावं याच गटातून आणि त्याच्या आसपासच्या मंडळींतून आली.

या सहांपैकी दोघं नागपूरच्या कलाशाळेत घडलेले. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचे. तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, त्यामुळे त्या भागातल्या पोराला शिकायला जायचं म्हणजे नागपूरच. १९३९ ते ४३ रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, काही काळ गोंदियाला शाळेत ड्रॉइंग मास्तरही होते. दुसरे हरी अंबादास गाडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. तेही नागपूरचेच विद्यार्थी. नंतर या मंडळींत आलेले वासुदेव गायतोंडे तर जन्मानंच नागपूरचे. भारतीय आधुनिक चित्रकलेची गोष्ट मुंबईची म्हणून सांगितली जाते. नागपूरकरांनी त्यात आपला वाटा मागायला हरकत नाही.

१९४८ मध्ये सूझा आणि हुसेन दिल्लीला गेले. आज ज्याला राष्ट्रपती भवन म्हणतात, तिथं भारतीय कलेचं भलंमोठं प्रदर्शन लागलं होतं. गुप्तकाळातली शिल्पं, मथुरेच्या मूर्ती, बसोलीची लघुचित्रं. हुसेन यांनी ते बघितलं आणि त्यांचा रस्ता बदलला. शिल्पांतून शरीराची वळणं उचलली, बसोलीतून भडक तांबडे-पिवळे रंग, आणि लोककलेतून खेळण्यासारखा साधेपणा. युरोपची नक्कल करायची नाही, पण युरोपकडं पाठही फिरवायची नाही, असं काहीतरी त्यांनी त्या दिवसांत मनाशी ठरवलं असावं.

घोड्याला पाय फुटले ते मात्र परदेशात.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हुसेन चीनला गेले. तिथं शू बेइहाँग या चित्रकाराचे घोडे त्यांनी बघितले. शू यांचे घोडे म्हणजे काळ्या शाईचे चार-पाच झपकारे, उडणारी आयाळ आणि मागं मोकळा पांढरा कागद. गंमत अशी की हे शू स्वतः १९४०च्या आसपास टागोरांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात राहून गेले होते, दार्जिलिंगला त्यांनी मोठी चित्रं केली होती. म्हणजे चिनी घोडा एकदा भारतात येऊन गेला होता, पण त्याची आणि हुसेनची गाठ पडायला चीन गाठावा लागला. तिथंच त्यांनी तांग काळातले भाजलेल्या मातीचे घोडेही बघितले. हजार-बाराशे वर्षांपूर्वी राजे-सरदारांच्या थडग्यात पुरलेले, हिरव्या-पिवळ्या-तपकिरी झिलईचे, जाड मानेचे घोडे.

मग युरोप. १९५२ मध्ये झुरिकला हुसेन यांचं प्रदर्शन झालं. इटलीत मारिनो मारिनी या शिल्पकाराचे घोडे दिसले. मारिनीनं आयुष्यभर एकच विषय घोळवला, घोडा आणि स्वार. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा स्वार हळूहळू घोड्यावरनं निसटायला लागला. मान ताणलेला घोडा आणि खाली पडत चाललेला माणूस.

आणि मग स्पेन.

स्पेन आणि घोडा हे नातं जुनं आहे. आजही पैसे भरून अँडालुसियाला जायचं, आठवडाभर तिथले घोडे बघायचे आणि रंगवायचे, अशी वर्कशॉप निघतात. अँडालुसियन घोडा दिसायलाच चित्रासारखा. भरदार छाती, कमानीसारखी मान, लांब लहरती आयाळ, आणि मागच्या पायांवर उभं राहायचं शिक्षण. युरोपातल्या राजांना अशाच घोड्यावर बसून स्वतःचं चित्र काढून घ्यायचं असायचं. सतराव्या शतकात वेलाझ्केझनं स्पेनच्या राजघराण्याची तशी चित्रं केली, ती आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. घोडा दोन पायांवर उधळलेला आणि वर बसलेला राजा असा शांत, जणू खुर्चीत बसलाय. अर्थ सरळ आहे. एवढं जनावर ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत राज्यही.

त्याच स्पेनमध्ये तीनशे वर्षांनी पिकासो आला आणि त्यानं हा घोडा उलटा केला. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका या बास्क गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. पिकासोनं त्यावर जवळपास पावणेआठ मीटर रुंदीचं चित्र केलं. त्याच्या मधोमध एक घोडा आहे, अंगात भाला घुसलेला, मान वळलेली, जबडा उघडा, जीभ सुरीसारखी टोकदार. तो किंचाळतोय. वर राजा-बिजा कुणी नाही, खाली एका सैनिकाचे तुकडे पडलेत.

हुसेन यांचे घोडे बघून समीक्षकांना वारंवार हा गेर्निकाचा घोडा आठवला आणि त्यांना भारताचा पिकासो म्हणायची पद्धतही पडली. ही उपाधी कौतुकाची असली तरी जराशी आळशी आहे. मान मागं टाकून तोंड उघडणं पिकासोकडचं असेल, पण गेर्निकाचा घोडा मरतोय आणि हुसेनचा पळतोय. वेलाझ्केझच्या घोड्यावर राजा आहे, मारिनीच्या घोड्यावरनं माणूस पडतोय, पिकासोचा घोडा कोसळतोय. हुसेनच्या घोड्यावर माणूस बसलेलाच नव्हता. त्यात दुलदुल आहे, अश्वमेधाचा मोकळा सोडलेला घोडा आहे, सूर्याच्या रथाचे सात घोडे आहेत. एवढं सगळं एका जनावरात कोंबूनही तो हलका दिसतो, ही कमाल त्या माणसाची.

१९७१ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो बिएनालेत पिकासो आणि हुसेन या दोघांना खास निमंत्रण होतं. तेव्हा पिकासो नव्वदीला टेकलेला. पिकासोच्या बरोबरीनं बोलावणं आलंय म्हटल्यावर काय घेऊन जायचं? हुसेन यांनी महाभारत नेलं. कुरुक्षेत्रावरच्या मोठमोठ्या चित्रांची मालिका. युद्धाचं चित्र काढायला आपल्याला स्पेनकडनं विषय उसना घ्यायची गरज नाही, हे त्यातनं न बोलता सांगून झालं.

महाभारताआधी रामायण झालं होतं. राममनोहर लोहियांनी सुचवलं की श्रीमंतांच्या दिवाणखान्यातनं बाहेर पड आणि लोकांच्या गोष्टी रंगव. हैदराबादचे बद्रीविशाल पित्ती यांच्याकडं राहून हुसेन यांनी काही वर्षांत रामायणाची दीडशेच्या आसपास चित्रं केली आणि ती बैलगाडीत घालून आजूबाजूच्या खेड्यांत नेऊन दाखवली. १९६७ मध्ये राजस्थानात फिरून त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी एक छोटा सिनेमा केला, ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’. त्यात संवाद नाहीत. किल्ले, उंट, छत्री, कंदील, चप्पल, म्हैस असलं काहीबाही एकामागनं एक येत राहतं. बर्लिन महोत्सवात त्याला लघुपटाचा गोल्डन बेअर मिळाला.

अनवाणी पायांची गोष्टही याच काळातली, आणि तीही नागपूरला येऊन मिळते.

गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले मोठे कवी, पण घर मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध तर मराठीतलेच कवी आणि कादंबरीकार. गजाननरावांनी नागपुरात आकाशवाणीत नोकरी केली, ‘नया खून’ नावाचं साप्ताहिक सांभाळलं, कायम ओढाताणीत जगले आणि मग राजनांदगावच्या कॉलेजात शिकवायला गेले. ११ सप्टेंबर १९६४ ला दिल्लीत ते वारले. वय सेहेचाळीस. त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर छापून आला. त्यांच्या अंत्ययात्रेत हुसेन यांनी पायातले जोडे काढले आणि नंतर ते पुन्हा घातले नाहीत. अनवाणीपणाची आणखीही कारणं ते वेगवेगळ्या लोकांना सांगत, त्यांना गोष्ट सजवायची सवय होतीच. पण मुक्तिबोधांची अंत्ययात्रा हेच कारण सगळ्यात जास्त वेळा सांगितलं गेलंय. मुंबईतल्या एका बड्या क्लबनं याच अनवाणी पायांवरनं त्यांना आत सोडलं नव्हतं, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती.

१९६६ ला पद्मश्री, १९७३ ला पद्मभूषण, १९८६ ते ९२ राज्यसभा, १९९१ ला पद्मविभूषण. हुसेन यांचा घोडा सगळीकडं चालला. मग माधुरी दीक्षित आली. ‘हम आपके हैं कौन’ त्यांनी सदुसष्ट वेळा बघितला म्हणे, आणि तिला घेऊन २००० साली ‘गजगामिनी’ काढला. पिक्चर चालला नाही. घोडे मात्र विकले जात राहिले, इतके की हुसेन आता घोडे छापतात अशी कुजबुज व्हायला लागली. ती अगदीच खोटी नव्हती. हजारो चित्रं केलेल्या माणसाचे सगळे घोडे सारखे धावत नाहीत. काही नुसते मागणी होती म्हणून काढलेले आहेत आणि ते कळतात.

१९९६ मध्ये भोपाळच्या एका मासिकानं हुसेन यांची वीसेक वर्षं जुनी रेखाटनं छापली. त्यात सरस्वती वस्त्रांशिवाय होती. देशभर संताप उसळला. देवीला असं काढायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी, आणि हेच धाडस इतर धर्मांच्या बाबतीत का दिसत नाही, असे प्रश्न विचारले गेले. बाजू घेणाऱ्यांनी खजुराहोकडं, मंदिरांवरच्या शिल्पांकडं बोट दाखवलं. हुसेन यांनी भावना दुखावल्याबद्दल माफी मागितली. पण त्याच वर्षी अहमदाबादेत त्यांच्या चित्रांची नासधूस झाली आणि १९९८ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये भारतमातेच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रावरनं पुन्हा आग भडकली, चित्र लिलावातनं मागं घेतलं गेलं, पुन्हा माफी झाली. तोवर वेगवेगळ्या गावांच्या कोर्टांत खटले उभे राहिले होते. त्यातला एक जन्मगावात, पंढरपुरात दाखल झालेला होता.

२००६ मध्ये, नव्वदीत, हुसेन देशाबाहेर गेले ते परत आले नाहीत.

८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी पंढरपूर, राजकोट, इंदूर आणि भोपाळ इथल्या तक्रारींवरची कारवाई रद्द केली. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असं त्या निकालाचं सार. सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. कायद्याच्या बाजूनं या प्रकरणांतला मोठा भाग संपला होता. पण कोर्टाचा कागद म्हणजे रस्त्यावरची खात्री नव्हे, आणि नव्वदी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा पोलीस बंदोबस्तात राहायचं नसणं समजण्यासारखं आहे. २०१० मध्ये कतारनं त्यांना नागरिकत्व देऊ केलं. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळं ते घ्यायचं म्हणजे भारताचा पासपोर्ट सोडायचा. दोह्यातल्या भारतीय दूतावासात जाऊन त्यांनी तो जमा केला.

या टप्प्यावर दुसरा कुणी म्हातारा गप्प बसला असता. हुसेन यांनी दोन अजस्र कामं अंगावर घेतली. लंडनमध्ये मित्तल कुटुंबासाठी भारतीय संस्कृतीवरची मालिका आणि दोह्यात राजघराण्यातल्या शेखा मोझा यांच्यासाठी अरब संस्कृतीवरची ९९ चित्रं. म्हणजे देश सुटलेला माणूस सकाळी गणपती रंगवत होता आणि संध्याकाळी अरबस्तानचे घोडे. दोन्ही मालिका अपुऱ्या राहिल्या. ९ जून २०११ रोजी लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये ते गेले. दफन लंडनजवळच्या ब्रुकवुड कब्रस्तानात झालं.

त्यानंतर भाव वाढतच गेला. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजमध्ये त्यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे साधारण ११८ कोटी रुपयांना गेलं. तोवर आधुनिक भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत कधी आली नव्हती. हे चित्र दिल्लीत कामानिमित्त आलेल्या एका डॉक्टरनं विकत घेतलं होतं आणि पुढं ओस्लोच्या हॉस्पिटलला देऊन टाकलं होतं. इतकी वर्षं ते तिथं होतं. आणि ते घोड्याचं चित्र नाही, खेड्यातल्या जगण्याचं आहे.

घोडे बघायचे तर दोह्याला जावं लागतं. हुसेन यांनी तिथं शेवटच्या वर्षांत एक फिरतं शिल्प आखलं होतं, नाव ‘सीरू फी अल अर्द’, म्हणजे पृथ्वीवर संचार करा. माणसानं चालणं, घोडा, मोटार, विमान असं करत गती कशी कमावली, त्याची ती गोष्ट. त्यात लिओनार्दो दा विंचीचं उडतं यंत्र आहे, जुन्या मोटारी आहेत, आणि अब्बास इब्न फिरनास आहे, नवव्या शतकात स्पेनमधल्या कोर्डोबात पंख लावून उडायचा प्रयत्न केलेला माणूस. घोडे इटलीतल्या मुरानोच्या रंगीत काचेचे केलेत. हुसेन यांना ते पूर्ण झालेलं बघता आलं नाही. त्यांच्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये दोह्याच्या एज्युकेशन सिटीत ते लोकांसाठी खुलं झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच परिसरात ‘लौह व कलम’ नावाचं हुसेन यांचं स्वतंत्र संग्रहालयही उघडलं, त्याच्या इमारतीची कल्पना त्यांच्याच एका रेखाटनावरून घेतलेली आहे.

शिल्पाचा खेळ सुरू झाला की दिवे लागतात, संगीत वाजतं आणि काचेचे घोडे जत्रेतल्या पाळण्यासारखे गोल फिरू लागतात. पाठी त्यांच्याही रिकाम्याच आहेत.